नऊ कोटी नव्याण्णव लाख नव्वद हजार एकशे नव्याण्णव

दवनीवाडा
९ डिसेंबर २०२४

श्रीमती मोनाली रामटेके,
संयोजक, जिल्हा गणित मंडळ, देवरी

नमस्कार.

मी भैयालाल कापगते, गणिताचा निवृत्त शिक्षक. तुम्हाला ओळख द्यायची गरज नाही. पण पत्र भलत्यानेच फोडलं तर त्यालाही कळावं की लिहिणारा कोण आहे, म्हणून लिहिलं. फोन केला असता, पण हल्ली फोनवर बोललेलं कोण कुठे साठवून ठेवील याचा नेम नाही. त्यामुळे रजिस्टर्ड पाठवतो आहे. पोचपावतीवर सही तुमचीच असावी, शिपायाची नको.

मुद्द्याचं लिहितो. खुशी कापगते ही माझी नात. इथल्या शाळेत नववीत आहे. २४ नोव्हेंबरला तुमच्या मंडळाच्या जिल्हा स्पर्धेला बसली आणि पहिली आली. तसं शाळेत तोंडी कळलं, माझ्या मुलाने अर्ध्या गावात पेढेही वाटले. मग ४ डिसेंबरला मंडळाचं एका ओळीचं पत्र आलं: 'निनावी तक्रार प्राप्त झाल्यामुळे निकाल राखून ठेवण्यात येत आहे.' कसली तक्रार, काय म्हणणं, एक अक्षर नाही. राज्याच्या शिबिरासाठी जिल्ह्यातून एकच नाव जातं आणि ते ६ जानेवारीपर्यंत पाठवायचं असतं. म्हणजे महिनाभर निकाल दाबून ठेवला की पोरीचा पत्ता आपोआप कटतो. तुम्ही गणिताच्या आहात, तुम्हाला हे समजावून सांगायला नको.

आता तक्रार कोणाची? माझा पहिला संशय वीरेंद्र कटरेवर आहे. गोंदियात त्याचे क्लासेस आहेत आणि दुसरा नंबर त्याच्याच विद्यार्थ्याचा आहे. परवा बाजारात भेटला तर त्याने स्वतःहून मला नमस्कार केला. दहा वर्षांत या माणसाने माझ्याकडे मान वळवून पाहिलेलं नाही. मग आताच काय एवढा पुळका आला?

दुसरा संशय, स्पष्टच लिहितो, तुमच्यावर. पेपरातला शेवटचा प्रश्न खुशीने घरी येऊन सांगितला आणि मी चहा बाजूला ठेवून तो लिहून घेतला. '९,९९,९०,१९९ ही संख्या मूळ की संयुक्त? संयुक्त असल्यास अवयव पाडा.' ही संख्या माझी आहे. १९९९ च्या तालुका स्पर्धेसाठी मी ती तयार केली होती आणि त्यानंतर ती कुठेही छापली गेलेली नाही. पंचवीस वर्षांनी तीच संख्या, पेपरात त्याच जागी, आणि समोर माझी नात! याला योगायोग म्हणण्याइतका मी भोळा नाही. जुना राग असेल तर माझ्यावर काढा. लेकराला कशाला मध्ये घेता?

आणि आजोबाच्या वहीत उत्तर लिहिलेलं आहे, म्हणून नातीने ते तिथून चोरलं, हा कुठला न्याय? ती वही माझ्या लोखंडी पेटीत असते, पेटीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्या बंडीच्या खिशात असते. हे मंडळाने ध्यानात घ्यावं.

खुलासा आठ दिवसांत यावा ही अपेक्षा.

भैयालाल कापगते


दवनीवाडा
१८ डिसेंबर २०२४

श्रीमती रामटेके,

तुमचं पत्र मिळालं. मोजून सहा ओळी आहेत. पाकीट आधी उलटंपालटं करून पाहिलं, कोणी वाफेवर उघडलेलं दिसत नाही.

तुम्ही लिहिता की यंदा पहिल्यांदाच पेपर काढायचं काम तुमच्याकडे आलं, आणि पहिला प्रश्न लिहिण्याआधी तुम्ही हा शेवटचा लिहून ठेवला. म्हणजे मुद्दामच घातला, हे कबूल. एकशे बारा मुलांपैकी उत्तर एकट्या खुशीला आलं, आणि तुम्ही 'याच उत्तराची वाट पाहत होते' असं म्हणता. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

मग शेवटी तुमचा प्रश्न: 'तक्रारीत वहीचा उल्लेख आहे हे आम्ही कोणालाच कळवलेलं नाही. तुम्हाला ते कोणी सांगितलं?'

कोणी सांगायला कशाला हवं? वीरेंद्रच्या बोलण्यावरून अंदाज आला. म्हणजे तो तसं बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं. चौतीस वर्षं पोरांचे चेहरे वाचले आहेत मी. तुमची शंका तुमच्यापाशी ठेवा.

आणि शंकेचाच विषय निघाला तर तूही नीट ऐकून घे. तुला 'तुम्ही' म्हणायला हात वळत नाही, तुला मी आठवीपासून शिकवलं आहे.

ती संख्या मी कशी केली होती? माझ्याकडे मूळ संख्यांचा दहा हजारांपर्यंतचा छापील तक्ता होता. त्यापुढची पानं मी स्वतः हाताने वाढवली होती. छापील तक्त्याच्या शेवटच्या पानावरून ९९०१ उचलली, माझ्या पहिल्या पानावरून १००९९ उचलली. दोन्ही मूळ, एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार केला आणि निळ्या वहीत मांडून ठेवला. काय रूप होतं तिचं! शेवटी नऊ, म्हणजे दोन गेला, पाच गेला. अंकांची बेरीज पंचावन्न, तीन गेला. एक सोडून एक अंक मिळवले तर एकीकडे अठ्ठावीस, दुसरीकडे सत्तावीस, अकराही गेला. भोळा माणूस तिला मूळच म्हणणार. एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसलं तर बाराशे वीस संख्यांनी हात टेकल्यानंतर बाराशे एकविसावी लागते, ती ९९०१. नऊ कोटींवर थाट आणि घरात विभाजक चारच: एक, त्या दोघी आणि ती स्वतः. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज केली तर वीस हजार एक. विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी पडली की तिला न्यून संख्या म्हणतात, हे मी तुम्हाला शिकवलं होतं. आधी संख्येची जात ओळखा, सम की विषम, मूळ की संयुक्त, पूर्ण की न्यून, मग हात घाला, असं मी वर्गात रोज म्हणत असे. तुला आठवत असेल.

तीन तासांचा पेपर होता. तू चाळीस मिनिटांत उठलीस. शेवटच्या प्रश्नाखाली दोनच संख्या होत्या आणि एकही भागाकार नव्हता. आणि आदल्या संध्याकाळी तू माझ्या घरी आली होतीस. नंदाबाई, तुझी आई, आमच्याकडे धान पाखडायला यायची, तिला न्यायला. पेपरचा कच्चा कागद माझ्या टेबलावर होता. आता तूच सांग, माझ्या जागी दुसरा कोणीही शिक्षक असता तर काय समजला असता? मी शून्य दिलं आणि पेपरवर 'उत्तर नकललेले' असं लिहिलं. तू शाळा सोडून आजीकडे चिचगडला निघून गेलीस, हा तुझा निर्णय. मी तुला जा म्हटलं नव्हतं.

खुशीचं मात्र वेगळं आहे. ती माझ्या डोळ्यांसमोर वाढली आहे.

भै. कापगते


दवनीवाडा
२३ डिसेंबर २०२४

मोनाली,

तुझं दुसरं पत्र पहिल्यापेक्षा लहान आहे. मंडळाचा नियम कळला: निनावी तक्रार असली तरी ती फाईलला लागली आहे, आणि उत्तर घरात आधीपासून होतं असा तिचा मुद्दा असल्यामुळे नुसती फेरपरीक्षा घेऊन भागणार नाही. बाकीचे दोन सदस्य ऐकत नाहीत. तक्रार करणाऱ्याने स्वतःच्या नावाने, सही करून ती मागे घेतली तरच निकाल मोकळा होईल. बरं. पण तक्रार करणारा कोण हे कोणाला माहीत आहे?

त्याखाली तू विचारतेस, 'सर, ते टेबल कोणत्या खोलीत होतं?' हा काय प्रश्न झाला? मधल्या खोलीत. त्याचा इथे काय संबंध?

इकडची हकीकत सांगतो. खुशी शाळेत जात नाही. गेल्या सोमवारी वर्गातल्या कोणीतरी तिला 'चोट्टी' म्हटलं. घरी येऊन तिने दप्तर फळीवर टाकलं ते अजून तिथेच आहे. शिबिराला आपल्याला जायचंच नाही म्हणते. 'मले नाई जायचं तिकडं. मी गेली तं लोक मनतीन चोरून गेली.' जेवायला बसते आणि दोन घास खाऊन उठते. ज्या पोरीला गप्प बसवायला मला रेडिओ मोठा करावा लागायचा, ती आता विचारल्याशिवाय बोलत नाही.

मी तिचा आजोबा आहे, मला काळजी आहे. पण मी डोळे मिटून राहणारा माणूस नाही, हेही तुला माहीत आहे. निकाल कळला त्या दिवशी मी पेटी पाहिली होती. जागेवरून चार बोटं सरकलेली होती. कुलपाचं तोंड भिंतीकडे असतं, ते दाराकडे झालं होतं. हे मी कोणाला बोललो नव्हतो. रविवारी शेवटी सुनेला विचारलं. डिंपल चिचगडची आहे, बारावी नापास, पण हाताला उरक आहे.

ती म्हणाली, 'पेटी तं मीनंच सरकवली मामाजी. दिवाळीच्या पयले भिंतीले चुना मारून राहिली होती ना मी. काऊन, गेलं का काई त्यातलं?'

म्हटलं, गेलं काही नाही. मग पोरीला ते उत्तर आलं कुठून?

'इचारलं कधी तुमी तिले?' डिंपल म्हणाली. 'ते तं मीनंच शिकवलं.'

मला हसू आलं. नऊ कोटींच्या संख्येचे अवयव ही शिकवणार! ती आत गेली आणि चिंचोक्यांचा डबा घेऊन आली. ओसरीवर दहा ओळी मांडल्या, एकेकीत दहा. शंभर.

'आमच्याकडं मे महिन्यात तेंदूपत्ता राहाते ना मामाजी. पानाची पुडकी बांधून फडावर वाळवाले मांडतो, अशीच, चौकोनात. ठेकेदाराचा मुन्शी मोजाले येते. किडकी, भोकाची पुडकी आमी एका कोपऱ्यात ठेवतो, ते तो काढून फेकते.' तिने एका कोपऱ्यातले तीन गुणिले तीन, नऊ चिंचोके उचलले. 'आता कोपरा तुटला. आन मुन्शी तुटकी ओळ मोजत नाई. त्याले पुऱ्या ओळी पायजे. मंग का करता?'

मी वाकून पाहिलं. वर सात-सात चिंचोक्यांच्या तीन अपुऱ्या ओळी राहिल्या होत्या. तिने ती पट्टी उचलली, आडवीची उभी केली आणि खालच्या सात पुऱ्या ओळींना बाजूने चिकटवली. सात ओळी झाल्या, एकेकीत तेरा. एक्क्याण्णव. चौतीस वर्षं मी पोरांना ९१ मूळ आहे का असं विचारून फसवत आलो, आणि या बाईने ती एका हाताने फोडली.

'फडावरच्या साऱ्या बायांले येते हे,' ती म्हणाली. 'त्यात का एवढं?'

खुशी दारात येऊन उभी होती. सहा दिवसांत पहिल्यांदा आपणहून बोलली. 'दहा हजार ओळीचा फड समजा आबाजी, एकेका ओळीत दहा हजार पुडकी. दहा कोटी झाले. तुमचा आकडा दहा कोटीले नऊ हजार आठशे एकानं कमी आहे. नऊ हजार आठशे एक मनजे नव्याण्णव गुणिले नव्याण्णव. तेवढा कोपरा गेला, बस. पट्टी फिरवली का दहा हजारातून नव्याण्णव कमी तेवढ्या ओळी, आन दहा हजारावर नव्याण्णव एकेका ओळीत.'

९९०१ आणि १००९९.

दोन वेगवेगळ्या पानांवरून उचललेल्या माझ्या त्या दोन संख्या दहा हजारांपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर होत्या, आणि पंचवीस वर्षांत हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. एका वर्गातून दुसरा वर्ग वजा केला की काय होतं याचं सूत्र मी हजारो पोरांकडून घोकून घेतलं. माझ्याच संख्येत ते मला दिसलं नाही. मला उत्तर माहीत होतं ना, मग मी कशाला पाहतो?

मोनाली, तूही मे महिन्यात आजीकडे चिचगडला जायचीस, आणि तुझ्या पेपरवर समासात एक चौकोन काढलेला होता. त्याचा एक कोपरा तुटका होता. मला वाटलं, वेळ जात नव्हता म्हणून पोरीने रेघोट्या मारल्या. मी त्यावर लाल शाईने फुली मारली होती.

खुशीने मला विचारलं, 'आबाजी, कोन लिवलं असंल माह्याबद्दल?'

मी वीरेंद्र कटरेचं नाव सांगितलं.

भै. कापगते


दवनीवाडा
२८ डिसेंबर २०२४

मोनाली,

तुझ्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे. उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे. तुला पहिल्या पत्रापासूनच कळलं होतं. तू फक्त माझ्या तोंडून निघण्याची वाट पाहत होतीस.

तक्रार मी केली.

खुशीने संख्या सांगितली, उत्तर सांगितलं, आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं की हिने पेटी उघडली. पेटी सरकलेली पाहिली आणि खात्रीच झाली. तिला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, असं मी नेहमी म्हणत आलो. दुसऱ्या दिवशी गोंदियाला गेलो, म्हणजे पाकिटावर दवनीवाड्याचा शिक्का नको. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं. बाहत्तराव्या वर्षी पोस्टातल्या बाकावर बसून डाव्या हाताने स्वतःच्या नातीविरुद्ध तक्रार लिहिणारा माणूस तू कधी पाहिला नसशील.

मला वाटलं होतं, मंडळ तिला बोलावून आणखी एक गणित घालेल. नाही आलं तर घरातल्या घरात समजेल, आलं तर चांगलंच. तिचं वाईट व्हावं असं मला वाटत नव्हतं. पण तसं तर मला तुझंही वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. निकालानंतर तुझी आई शाळेच्या फाटकाशी आली होती. 'गुरुजी, पोरगी खोटी नाई बोलत. तुमी तिले आनखी एक गणित देऊन पाहा ना.' एवढंच मागत होती ती. मी म्हटलं, नियमात बसत नाही. तेव्हा असा कुठलाच नियम नव्हता.

आता टेबलाचं. तू विचारलंस ते बरोबर विचारलंस.

टेबल मधल्या खोलीत होतं आणि तू ओसरीच्या पुढे कधी आली नव्हतीस. नंदाबाई मागच्या अंगणात काम करायची, मागच्याच दाराने जायची. तुम्हाला आत या असं आमच्या घरात कोणी म्हणत नसे, मीही कधी म्हटलं नाही. शाळेत मी तुला पहिल्या बाकावर बसवत असे आणि त्याचा मला मोठा अभिमान होता. काल मी ओसरीवर तू उभी राहायचीस तिथे जाऊन पाहिलं. तिथून टेबल दिसत नाही. भिंत दिसते आणि भिंतीवर टांगलेलं सूप दिसतं. तू ते उत्तर पाहू शकली नसतीस याचा पुरावा माझ्याच घरात होता आणि मला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, कारण मग मला दोन गोष्टी मान्य कराव्या लागल्या असत्या: तुला ते खरंच आलं, आणि तुला आम्ही दाराबाहेर ठेवत होतो.

वर्गात मी 'संख्येची जात ओळखा' म्हणायचो तेव्हा पोरं मागे वळून तुझ्याकडे पाहायची, हे मला दिसत होतं. मी खडू घेऊन फळ्याकडे तोंड करायचो.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मला माफ कर, मोनाली.

आता एक विनंती आहे. तक्रार मागे घेण्याचा कागद मी देतो, पण सही नको. किंवा सही घे, पण ती तुझ्यापुरतीच ठेव, सदस्यांना दाखव आणि फाईल बंद कर. घरात कळायला नको. मुलगा दोन दिवस चिडेल आणि विसरेल. डिंपल बोलणार नाही. पण खुशी? तिचं बोट धरून मी तिला पाढे शिकवले. तिला हे कळलं तर ती माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. तिचं नाव शिबिराला जाऊ दे आणि माझं नाव झाकलेलं राहू दे. तुला वाटलं तर तू एवढं करू शकतेस.

उत्तर लवकर दे. दिवस थोडे उरले आहेत.

भैयालाल कापगते


दवनीवाडा
४ जानेवारी २०२५, सकाळ

मोनाली,

तुझं पत्र काल दुपारी मिळालं. 'सही चालेल, पण झाकून चालणार नाही. फाईल उघडी असते, पालकांना ती पाहता येते. आणि सर, माझी माफी तुम्ही टपालाने मागितलीत ती मला पोचली. खुशीची टपालाने मागता येणार नाही.'

वाचून पहिल्यांदा रागच आला. वाटलं, ही आता पुरता सूड घेते आहे. मग दोनदा वाचलं. सूड घ्यायचा असता तर तू गप्प बसली असतीस. सहा तारीख निघून गेली असती आणि तुला बोटसुद्धा हलवावं लागलं नसतं.

मंडळ आज दुपारपर्यंतच कागद घेणार म्हणतेस, उद्या रविवार. टपालाने पोचणं शक्य नाही. त्यामुळे डिंपल आणि खुशी आठच्या बसने निघतील. गोंदियाहून देवरीची गाडी धरतील, अकरा-साडेअकरापर्यंत तुझ्याकडे पोचतील. मी येणार होतो. पण मी बरोबर असलो तर पोरगी बसमध्ये माझ्या तोंडाकडे पाहत बसेल आणि तिला मोकळेपणाने चिडता यायचं नाही. तिला कशासाठी जायचं आहे हे मी अजून सांगितलेलं नाही. मंडळाच्या मोनाली मॅडमला एक कागद द्यायचा आहे, एवढंच म्हटलं.

कागद एकच आहे, त्यात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. पहिली: खुशी कापगतेविरुद्धची २९ नोव्हेंबरची निनावी तक्रार मी, तिचा आजोबा भैयालाल कापगते, याने केली. तिला कसलाही आधार नव्हता, मी मुलीला न विचारता ती केली, आणि ती मी मागे घेतो. दुसरी: डिसेंबर १९९९ च्या तालुका स्पर्धेत मोनाली रामटेके हिने शेवटचा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने आणि योग्य रीतीने सोडवला होता. रीत समासातल्या आकृतीत दाखवलेली होती, ती मला समजली नाही. शून्य गुण ही माझी चूक. या दुसऱ्या गोष्टीशी मंडळाचा संबंध नाही हे मला माहीत आहे. तरी ती फाईलमध्ये राहू दे. फाईल उघडी असते म्हणतेस ना, मग वाचेल कोणीतरी. दोन्हींखाली सही केली आहे, उजव्या हाताने.

आता खरं सांगतो. हा कागद मी आधी पाकिटात घालून डिंपलच्या पिशवीत ठेवला होता. खुशीकडे फक्त हे पत्र द्यायचं, असं ठरवलं होतं. वाचून ती चिडली आणि तिने पत्र बसच्या खिडकीतून फेकलं, तरी कागद तुझ्यापर्यंत पोचावा, अशी ती सोय होती. सोय करून झाल्यावर मी चहा घेतला. मग माझ्या लक्षात आलं की ज्या पोरीची मी माफी मागायला निघालो आहे, तिच्यावर मी आज सकाळीसुद्धा विश्वास टाकलेला नाही.

आत्ता उठून ते पाकीट डिंपलच्या पिशवीतून काढलं आणि खुशीच्या हातात दिलं. ते चिकटवलेलं नाही. ती वेणी घालून समोर बसली आहे, बस चुकेल म्हणून पाय हलवते आहे, आणि माझं हे लिहिणं संपण्याची वाट पाहते आहे. मघाशी म्हणाली, 'किती लिवता आबाजी? डिंक आणू का, चिकटवाले?'

मी तिला म्हटलं, 'डिंक नको. दोन्ही कागद उघडेच राहू दे. बसमध्ये बसलीस की आधी तू वाच. त्यात तुझ्याबद्दल आहे आणि माझ्याबद्दल आहे. वाचून झाल्यावर मॅडमला द्यायचे की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही.'

तिने हात पुढे केला आहे.

भैयालाल कापगते